तक्त्याची शेवटची ओळ

"चोर आला ना, तर रडत परत जाईल!" चष्मेवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं.

ही गोष्ट आठ महिन्यांपूर्वीची. चोर यायचा होता असं नाही. पण चष्मेवाल्यांनी आदल्या दिवशी कुठंतरी सुरक्षेवर भाषण ऐकलं होतं आणि ते त्यांच्या अंगात भिनलं होतं. घरातले सगळे पासवर्ड बायकोच्या एका वहीत असायचे. वीज, पाणी, बँक, शाळा, सगळं. वही निळी, फ्रीजवर ठेवलेली, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात 'पासवर्ड' असं लिहिलेलं.

"ही वही आहे की चोरांसाठी आमंत्रणपत्रिका?" चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी वहीचे बारीक बारीक तुकडे केले. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड मॅनेजर बसवला. घरातला प्रत्येक पासवर्ड त्या तिजोरीत गेला आणि तिजोरीला लागला एकच मास्टर पासवर्ड.

"आता डोक्यात फक्त एक गोष्ट ठेवायची. एक!"

"आणि तेवढी एकच विसरलात तर?" बायकोनं विचारलं.

चष्मेवाले नुसते हसले. तो प्रोग्रॅमही तेच विचारत होता: आणीबाणीसाठी एक कागद छापून ठेवा म्हणत होता. त्यालाही ते असेच हसले होते. असले कागद कच्च्या डोक्याच्या माणसांसाठी असतात, असं त्यांचं मत पडलं.

खरी गंमत अशी होती की चष्मेवाल्यांच्या डोक्यात काहीच नव्हतं. होतं ते सगळं भिंतीवर! त्यांचं दुकान बोळासारखं लांब आणि अरुंद. पुढं फ्रेम विकायचा काउंटर, तिथं बायको. मागं डोळे तपासायची खोली. खोलीच्या एका टोकाला गिऱ्हाइकाची खुर्ची, तिच्या शेजारी चष्मेवाल्यांचं टेबल आणि कॉम्प्युटर. दुसऱ्या टोकाला, बरोबर सहा मीटरवर, आत दिवा असलेल्या पेटीवर लावलेला अक्षरांचा तक्ता. वर भला मोठा ई, आणि खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. चष्मेवाल्यांनी मास्टर पासवर्ड ठरवायच्या वेळी मान वर केली आणि तक्त्याची शेवटची ओळ जशीच्या तशी टाइप केली. शिवाय तिच्या कडेला छापलेला नजरेचा आकडा ६/६ सुद्धा घातला. त्यानंतर रोज सकाळी मान वर करायची, बघायचं, टाइप करायचं. पाठ कशाला करायला हवं? तक्ता काय पळून जाणार होता?

बावीस वर्षं तक्ता कुठं गेला नव्हता. तो गेला एका बुधवारी सकाळी, आणि तोही चष्मेवाल्यांच्याच हुकमानं.

त्यांनी नवी स्क्रीन घेतली होती. रिमोटचं बटण दाबलं की अक्षरं बदलायची. "आता कोणाला पाठ करून येता येणार नाही," ते बायकोला म्हणाले, "शास्त्र म्हणजे शास्त्र!" बसवणारा मेकॅनिक सकाळी आला, स्क्रीन लावली, तिच्याबरोबर नवा कॉम्प्युटर जोडला, जुना कॉम्प्युटर पुसून बदल्यात घेतला, जुना तक्ता पेटीसकट उचलला आणि गेला. चष्मेवाल्यांनी त्याला दारापर्यंत पोचवलं. वर चहाही पाजला.

दुपारी तीन वाजता लेक धावत दुकानात शिरली. चिऊ. वय अठरा, त्यामुळं या नावानं बाहेर हाक मारलेली तिला आता चालत नसे.

"बाबा! सीट मिळाली! पशुवैद्यक! मला मिळाली सीट!"

काउंटरवरून बायको धावत आली, दोघींनी एकमेकींना मिठी मारली. चष्मेवालेही उठले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना आनंद झाला, पण पुरता नाही. दुकानाबाहेरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली रंगाऱ्याकडून एका ओळीची जागा मोकळी सोडून घेतलेली होती. ती जागा कोणासाठी, हे आख्ख्या रस्त्याला माहीत होतं. लेकीनं चष्म्यांचं शिकावं, त्या खुर्चीशेजारी बसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. लेकीला मात्र गाई, घोडे आणि जखमी कुत्री यांच्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

"पाचच्या आत होकार द्यायचाय, बाबा. वेबसाइटवर. नाहीतर सीट यादीतल्या पुढच्याला जाते. लॉगिन करा ना."

फॉर्म बाबांनी भरला होता. ईमेल बाबांचा दिला होता. पासवर्ड बाबांनी ठेवला होता, चोवीस अक्षरी, माणसाला उच्चारताही येऊ नये असा, आणि तो तिजोरीत होता.

"एक मिनिट," चष्मेवाले म्हणाले. नव्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून पासवर्ड मॅनेजर उघडला. त्यानं मास्टर पासवर्ड विचारला. चष्मेवाल्यांनी सवयीनं मान वर केली.

समोर स्क्रीनवर एका हसऱ्या बाईचा फोटो होता. 'आपले स्वागत आहे.'

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. आठवतोय." त्यांनी डोळे मिटले. पहिलं अक्षर टी, हे नक्की. शेवटी ६/६, हेही नक्की. दोन्ही कान होते, मधली कढईच गायब! त्यांनी आत्मविश्वासानं मधली अक्षरं टाइप केली. 'चुकीचा पासवर्ड. चार प्रयत्न शिल्लक.' त्यांनी जरा कमी आत्मविश्वासानं पुन्हा टाइप केली. 'तीन प्रयत्न शिल्लक. त्यानंतर तिजोरी चोवीस तास बंद राहील.'

मग त्यांना खरं सांगावं लागलं.

"भिंतीवर?" बायको म्हणाली. "माझी वही फ्रीजवर होती म्हणून फाडलीत, आणि तुमचा पासवर्ड दिवा लावून भिंतीवर टांगलेला होता?"

"कॉलेजच्या वेबसाइटवर 'पासवर्ड विसरलात' दाबा ना!" लेक म्हणाली.

दाबलं. नवा पासवर्ड ईमेलवर पाठवला, असं उत्तर आलं. ईमेलचा पासवर्ड तिजोरीत होता. चष्मेवाल्यांच्या मोबाइलवर ईमेल नव्हताच, कारण त्यांचा मोबाइल बटणांचा होता. "चोरानं नेला तरी त्याला काय मिळणार!" असं ते त्याबद्दल अभिमानानं सांगत. आता चोराच्या जागी ते स्वतः होते आणि त्यांनाही काहीच मिळत नव्हतं.

कॉलेजच्या फोनवर एक बाई गोड आवाजात सांगत होती की आपण रांगेत एकशे बाराव्या क्रमांकावर आहात. मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "तो तक्ता? भंगारात दिला, साहेब. पेटीचा पत्रा चांगला होता. अक्षरं फाडून टाकली." इंटरनेटवर लेकीला शंभर तक्ते सापडले आणि शंभरही वेगळे निघाले. हा तक्ता बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

लेक हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच विसरलात?"

"म्हणजे?"

"तुम्हाला मी इथंच हवीय. पाटीवर जागा आहे. आजच नेमका तक्ता काढलात. खरंच विसरलात की..."

चष्मेवाल्यांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यातली वाईट गोष्ट अशी, की मघाशी क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, की नाहीच उघडली तिजोरी तर? त्या क्षणाची त्यांना आता इतकी लाज वाटली की ते ताडकन उठले.

"मी ती ओळ आणतो! कुठूनही आणतो! बावीस वर्षं लोकांनी त्या खुर्चीत बसून तोच तक्ता वाचलाय. कोणाच्या तरी लक्षात असेलच!"

पुढं काउंटरवर दोन जुनी गिऱ्हाइकं होती. एक शिंपीणबाई, एक बँकेतले निवृत्त कॅशियर. चष्मेवाल्यांनी दोघांना आत आणून बसवलं.

"तक्ता आठवतो?"

"न आठवायला काय झालं!" कॅशियर म्हणाले. "सगळ्यात वर ई."

"ई!" शिंपीणबाईंनी दुजोरा दिला.

"आणि शेवटची ओळ?"

"शेवटची ओळ दिसत असती," शिंपीणबाई म्हणाल्या, "तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

बायकोनं आणखी सात गिऱ्हाइकांना फोन केले. सातही जणांना ई आठवत होता. रस्त्यावरच्या प्रत्येकाला ई पाठ होता! पाव विकणाऱ्याला तर ई आणि त्याखालची दोन अक्षरं येत होती, आणि तो बक्षिसाची वाट बघत फोनवर थांबला. एकानं छातीठोकपणे पूर्ण ओळ सांगितली. ती टाकली. 'दोन प्रयत्न शिल्लक.' मग त्याला आठवलं की तो डोळे दुसऱ्याच दुकानात तपासतो.

चार वाजले.

"एक माणूस आहे," बायको शांतपणे म्हणाली, "ज्याला शेवटची ओळ येते."

"कोण?"

"पंच."

पंच म्हणजे फुटबॉलचे पंच. वय साठीच्या पुढं. दर वर्षी हंगाम सुरू होण्याआधी ते दृष्टीचा दाखला घ्यायला यायचे. खुर्चीत बसायचे आणि शेवटची ओळ घडाघडा वाचायचे. त्यातली दोन अक्षरं मात्र दर वर्षी चुकायची. पण या वयात एवढं चालायचंच, म्हणून चष्मेवाले ती मोठ्या मनानं सोडून द्यायचे आणि बायकोला सांगायचे, "काय नजर आहे बघ माणसाची!"

"अहो, मागच्या वर्षी पेटीतला दिवा गेला होता," बायको म्हणाली. "तुम्ही बल्ब आणायला बाहेर आलात. परत जाईपर्यंत त्यांची ओळ वाचून झाली होती. अंधारात!"

"मला वाटलं, नजर तेज आहे."

"अहो, पाठ आहे त्यांना! मैदानावर चेंडू एका बाजूला असतो आणि शिट्टी दुसऱ्या बाजूला. सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही सोडून."

बायकोनं दुकान सांभाळलं. चष्मेवाले आणि लेक मैदानाकडे पळाले. लेकीनं पळता पळता आपल्या मोबाइलवर पासवर्ड मॅनेजर उतरवून घेतला. मैदानावर सामना चालू होता. निळे विरुद्ध लाल, आणि दोन्ही विरुद्ध पंच. एक बाजू ओरडायची, "दिसत नाही का रे?" मग दुसरी बाजू ओरडायची, "दिसत नाही का रे?" या एका मुद्द्यावर सगळ्या मैदानाचं एकमत होतं.

चष्मेवाले रेषेवर उभे राहून हात हलवायला लागले. पंच तीनदा त्यांच्या समोरून धावत गेले. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मेवाल्यांना बदली खेळाडू समजून आत यायची खूण केली.

मध्यंतर झालं तेव्हा चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. चष्मेवाल्यांनी पंचांना गाठून गोलच्या जाळीमागं नेलं.

"पंच, शेवटची ओळ सांगा!"

"कसली ओळ?"

"तक्त्याची! तुम्हाला पाठ आहे ती!"

पंचांचा चेहरा पडला. "पाठ? छे छे, डॉक्टरसाहेब, मला दिसते ती. मी कशाला पाठ करू?"

चष्मेवाले डॉक्टर नव्हते. पण एरवी हे सांगायला त्यांना कधी सवड मिळत नसे, आणि आज तर नव्हतीच.

"पंच, मी तुम्हाला पकडायला आलेलो नाही. माझ्या लेकीची सीट जातेय हो! पाच वाजता!"

पंचांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांना दिसलं की नाही कोण जाणे, पण तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि खिशातून वही काढली. कोणाला पिवळं कार्ड दिलं, कोणाला लाल, ते लिहून ठेवायची वही. तिच्या पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात ती ओळ होती.

"पाच वर्षं झाली," ते म्हणाले. "वहिनी फ्रेम दाखवत होत्या तेव्हा आत जाऊन, तक्त्याला नाक लावून उतरवून घेतली. काय करू? शिट्टी गेली तर घरी बसून मी करू काय?" त्यांनी पान फाडून चष्मेवाल्यांच्या हातात दिलं.

प्रेक्षकांनी हे पाहिलं. "पंच विकला गेला!" कोणीतरी ओरडलं. "अरे, चिठ्ठी पंचानं दिली! पंचच विकत घेतोय!" दुसरा ओरडला. कोण कोणाला विकत घेतंय यावर प्रेक्षकांत वाद पेटला. दोन्ही संघांचे कप्तान जाळीकडे धावत आले.

लेकीनं ओळ टाइप केली. टी, एल, एफ, झेड, डी, जी, यू, एच, आणि ६/६.

'चुकीचा पासवर्ड. एक प्रयत्न शिल्लक.'

"दोन अक्षरं चुकतातच यांची!" चष्मेवाले कपाळावर हात मारून म्हणाले. "दर वर्षी चुकतात!"

"मी?" पंच उखडले. "एक अक्षर चुकणार नाही! अहो, नाक लावून उतरवलीय!"

लेक कागदाकडे बघत उभी होती. मग तिनं वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही रोज तुमच्या खुर्चीतूनच बघायचात ना? सहा मीटरवरून?"

"हो."

"तुम्ही स्वतःचे डोळे कधी तपासलेत?"

"माझे?" चष्मेवाल्यांनी नाकावरचा चष्मा सावरला. तो त्यांनी बारा वर्षांपूर्वी बनवला होता. "मला काय धाड भरलीय?"

लेकीनं पुढचं ऐकलं नाही. पंचांची वही घेतली, कोऱ्या पानावर तीच आठ अक्षरं बारीक लिहिली, पण क्रम बदलून. मग मोठी पावलं टाकत सहा मीटर लांब गेली आणि वळून पान छातीशी धरलं.

"वाचा!"

"चिऊ, लोक बघतायत."

"वाचा, बाबा! चार बावन्न झालेत!"

दोन संघ, दोन कप्तान आणि काही शे प्रेक्षक यांच्यासमोर चष्मेवाल्यांनी डोळे बारीक केले. एकेका अक्षरावर लेकीचं बोट होतं.

"एच. यू. पी—"

"पी नाही इथं. एफ आहे," लेक म्हणाली. "पुढं."

"टी. डी. एल. सी—"

"जी आहे. पुढं."

"झेड," चष्मेवाले म्हणाले आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाच वर्षं दर वर्षी ज्या दोन अक्षरांवर त्यांनी मोठ्या मनानं पंचांना माफ केलं होतं, ती दोन्ही पंचांनी बरोबर वाचली होती. न बघता का होईना!

लेक पळत आली. एफच्या जागी पी घातला, जीच्या जागी सी. बोट बटणावर ठेवून थांबली आणि वडिलांकडे पाहिलं.

"दाब," चष्मेवाले म्हणाले. "ही उघडू दे रे देवा, मला दुसरं काही नको." आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं, पाटीवरच्या जागेसकट.

तिजोरी उघडली.

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी होकार गेला. लेक मैदानातच मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. चष्मेवाले तिच्या शेजारी गवतात बसले. आयुष्यात तिनं एकदाच डोळे तपासले, आणि ते काम चोख केलं, हे त्यांना तिला सांगायचं होतं. पण त्यांनी नुसतंच तिच्या पाठीवर थोपटलं. लेक म्हणाली, "मघाशी बोलले ते... सॉरी, बाबा." ते म्हणाले, "असू दे." तिला पूर्ण खरं सांगायची हिंमत त्यांना तेव्हा झाली नाही, आणि पुढंही झाली नाही.

पंच मात्र अजून तिथंच उभे होते. "माझ्या दाखल्याचं काय?"

"चष्मा लावून या. मी मागं पट्टा लावून देतो, पडणार नाही."

"चष्मा लावलेला पंच? लोक हसतील हो!"

"आता काय करतायत?"

पंचांनी मैदानाकडे कान दिला, थोडा विचार केला आणि शिट्टी वाजवली. सामन्याचा उत्तरार्ध सुरू झाला. त्यांनी पहिलं पिवळं कार्ड दिलं ते गोलच्या खांबाला, असं निळ्या संघाचे लोक सांगतात. पण ते हरले होते, तेव्हा त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

दुकानात परत आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून एक कोरी वही काढली, निळी, आणि काउंटरवर ठेवली. चष्मेवाल्यांनी मुकाट्यानं तीत मास्टर पासवर्ड लिहिला.

"आता बसा खुर्चीत," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण, मी?"

चष्मेवाले बावीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. इथून खोली वेगळीच दिसत होती. बायको रिमोट घेऊन शेजारी उभी राहिली. लेक दाराला टेकून बघत होती. दोघींसमोर निदान आता तरी थोडी लाज राखावी, असं त्यांना फार वाटलं.

"शेवटची ओळ वाचता येतेय का बघा," बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी पाठ ताठ केली, समोर नजर रोखली आणि एका दमात म्हणाले, "टी, एल, एफ, झेड, डी, जी, यू, एच!"

बायकोनं मान डोलावली.

"छान," बायको म्हणाली. "थांबा हं, आता स्क्रीन चालू करते."